ऑल्डरविकच्या मेयरची साखळी

१

पेटी उघडली तर आत नुसती निळी मखमल. साखळी बसायचा खळगा होता, साखळी नव्हती. मी काही तिथे नव्हते, पण मानसीने फोनवर हुंदके देत ते इतक्या वेळा सांगितलं, की ती मखमल मला अजून दिसते.

मानसी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत टीम लीडर आहे आणि डमडमला मैत्रिणीबरोबर राहते. आम्ही दोघं सॉल्ट लेकमध्ये. आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र वैशंपायन, सरकारी विमा कंपनीत होते. जळालेलं गोदाम खरंच जळलं का आणि चोरीला गेलेला दागिना खरंच गेला का, हे तपासण्यात ह्यांचा जन्म गेला. शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. ह्यांना इथले मासे सोडवेनात आणि मला आणखी एकदा सामान बांधायची ताकद नव्हती.

"मावशी, ते म्हणतायत साखळी मी घेतली," मानसी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत नाही मिळाली तर मला पोलिसात देणार आहेत."

मी पायात चपला सरकवल्या. हे नुकतेच दुपारच्या झोपेतून उठले होते आणि चहाचं विचारत होते. चहा तिथे मिळेल, म्हटलं, आधी चला.

बाहेर पडलो तर एक ऑटो मिळेल तर शपथ. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ना, तशी इथे ह्या दिवशी ज्याची त्याची अवजारं पुजतात आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी कोणी चालवत नाही. ऑटो झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या होत्या, ऑटोवाले गच्चीवर पतंग उडवत होते. तणतणत बसने गेलो. माझ्या पोरीला चोर ठरवणाऱ्याला काय काय सुनवायचं, ते मी वाटेत पाठ केलं.

२

मानसीला एका काचेच्या खोलीत बसवलं होतं. येणारा-जाणारा आत बघून पुढे जात होता, जशी काही ती प्राणिसंग्रहालयात ठेवली होती. गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलेलं. मला इतका संताप आला, की पाठ केलेलं सगळं विसरले आणि तिला नुसतं जवळ घेतलं.

तिथला मुख्य माणूस जयप्रकाश. ह्याच इमारतीतल्या एका आगीच्या दाव्यात त्याची ह्यांच्याशी ओळख झाली होती, म्हणून आम्हाला वर सोडलं. तो घायकुतीला आला होता. पोलीस आले की गिऱ्हाईक गेलं, म्हणाला. सहा वाजेपर्यंत थांबतो, तोवर तुम्ही काय ते बघा.

मग मानसीने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगितलं.

इंग्लंडमध्ये ऑल्डरविक नावाचं एक लहान शहर आहे. तिथली कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका. राजाने दिलेली जुनी सनद, सभागृहात तैलचित्रं, सगळा थाट. आणि तिथल्या म्हातारीच्या दारातला कचरा उचलला नाही, की ती फोन करते तो लागतो सेक्टर फाइव्हला, मानसीच्या टीमला. पार्किंगचे दंड, घरांचे कर, सगळ्याचं उत्तर इथून. स्वस्त पडतं म्हणून.

एवढं करूनही ती कौन्सिल बुडाली होती. वरून येणारं अनुदान आटलं, तेव्हा ह्या शहाण्यांनी कर्ज काढून एक मॉल आणि एक हॉटेल विकत घेतलं. त्याच्या भाड्यावर गाव चालवणार होते. दुकानं उठली, हॉटेलला टाळं लागलं, कर्ज तेवढं राहिलं. एक दिवस त्यांच्याच हिशेबनीसाने कायद्याप्रमाणे जाहीर केलं, की तिजोरीत खडखडाट आहे, अत्यावश्यक सोडून काहीही खर्च करता येणार नाही. मग सरकारने आपली माणसं आणून बसवली. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. पोहण्याचा तलाव विकला, दोन वाचनालयं बंद केली आणि आता पाळी आली मेयरच्या साखळीची.

ही साखळी मूळची कोलकात्याचीच. ऑल्डरविकच्या कोणी एकाने बजबजच्या ज्यूट मिलमध्ये पैसा केला आणि बहूबाजारच्या सोनारांकडून ती घडवून गावाला दिली. मध्ये दोन हत्तींचं पदक. पुढे जागा होती तोवर मेयरच्या नावाची एकेक सोन्याची कडी तिला जोडली गेली. आता दुबईच्या एका संग्राहकाला ती हवी होती. त्याचा माणूस आज दुपारी इथे येऊन तपासणार आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार. आज व्यवहार झाला नाही तर बोली रद्द.

तर अशी ती साखळी घेऊन मेयर हॉलम स्वतः आले होते, कारण मेयरशिवाय साखळीने गावाबाहेर जायचं नाही असा त्यांचा नियम. बरोबर सरकारने नेमलेल्या मिस प्रायर. साखळी विकायची आणि ह्या ऑफिसचं कंत्राट चालू ठेवायचं की नाही ते बघायचं, अशी दोन कामं त्यांच्याकडे होती, आणि दुबईला कोलकाता जवळ म्हणून दोन्ही एकाच फेरीत उरकायची होती. म्हणजे मानसीवर चोरीचा शिक्का बसला, की चाळीस जणांच्या पोटावर पाय येणार होता.

"मेयर कसे आहेत?" ह्यांनी विचारलं.

चांगले आहेत म्हणाली. धंद्याने बेकरीवाले. तिथला मेयर नुसता मानाचा असतो, वर्षभर फिती कापतो, सत्ता दुसऱ्याच्या हातात. त्यांनी स्वतः भाजलेली बिस्किटं डबा भरून आणली होती. सकाळच्या चहाबरोबर ती अशी उडाली, की खाली दारावरच्या माणसाला एकही उरलं नाही, मानसीला वाईट वाटलं. मग मेयरनी साखळी टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवली. मुली म्हणाल्या घालून दाखवा, तर नाही म्हणाले. दुसऱ्याच्या गावात तिथल्या मेयरच्या परवानगीशिवाय साखळी घालायची नसते म्हणे. नंतर आतल्या खोलीत जाऊन ती पेटीत ठेवली, बाहेर येऊन सगळ्यांबरोबर विश्वकर्म्याची पूजा केली आणि कुलूप लावलेली पेटी मानसीच्या हातात दिली. तिने ती मिळाल्याची सही केली आणि कपाटात ठेवली. दुपारी मिस प्रायरनी उघडली तर मखमल.

"तू घेताना उघडून पाहिलीस?" हे म्हणाले.

मानसीने मान खाली घातली. "काका, पाहुणे आहेत. मेयर आहेत. त्यांच्यासमोर पेटी उघडून बघायची म्हणजे बरं दिसत नाही."

भीड ही भिकेची बहीण, माझी आई म्हणायची. मी ते मोठ्याने म्हटलं आणि ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"पेटीचं कुलूप फोडलंय?"

"नाही."

"कपाटाचं?"

"तेही नाही."

हे खुर्चीतून उठले. "मग हा चोर एक तर फार हुशार आहे," म्हणाले, "नाही तर तो चोरच नाही."

३

आधी जयप्रकाश. कपाटाची एक किल्ली मानसीकडे, दुसरी त्याच्याकडे. ते त्याने कोणी विचारायच्या आधीच सांगितलं आणि मग घामाघूम झाला. ह्यांनी सहज विचारलं, की हे काम इथून हलवायचं काही चाललंय का. आधी त्याने इकडचं तिकडचं सांगितलं. शेवटी कबूल केलं, की वरचे लोक नोएडाचं बोलतायत आणि तिथे त्याला मोठी जागा मिळणार आहे. मला वाटलं, सापडला मेला. मानसीवर खापर फोडायचं आणि आपण नोएडाला जायचं.

मी बाहेर आल्यावर तसं म्हटलं. हे म्हणाले, त्याच्याकडे कपाटाची किल्ली आहे, पेटीची कुठे आहे?

पेटीच्या दोन किल्ल्या. एक मेयरकडे, दुसरी मिस प्रायरकडे. ह्या बाई काटकुळ्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजून मापून. खुर्ची पुढे करायचंही त्यांना सुचलं नाही. साखळीचा इंग्लंडमध्ये विमा उतरवलेला आहे, एवढं त्यांनी सांगितलं. ह्यांनी विचारलं, विम्याची रक्कम विक्रीपेक्षा जास्त असेल ना? असेल, म्हणाल्या.

माझे कान टवकारले. विकून मिळतील त्यापेक्षा हरवून जास्त मिळणार असतील तर बुडत्या कौन्सिलला आणखी काय हवं. पण बाई माझ्याकडे बघून कोरडं हसल्या. विमा फक्त इंग्लंडच्या हद्दीपुरता आहे, म्हणाल्या. इथे हरवली तर एक पेनीसुद्धा मिळणार नाही. त्या साखळीच्या पैशात आमच्याकडचं म्हाताऱ्या माणसांचं दिवसाचं केंद्र हिवाळाभर उघडं राहिलं असतं. लोकांना वाटतं मला वस्तू विकायला आवडतात.

 मला त्या बाई आवडल्या नव्हत्या, पण त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही.

झडतीसुद्धा त्यांनीच घ्यायला लावली होती. आधी स्वतःची पर्स उपडी केली, मग मेयरची बॅग आणि खिसे, मग बाकीचे. लिफ्टपाशी धातू ओळखणारी चौकट आहे, सकाळपासून तिथून सोन्याची सुईसुद्धा गेलेली नव्हती.

"म्हणजे साखळी ह्याच मजल्यावर आहे," हे म्हणाले.

"आणि ह्या मजल्यावर ती नाही," मिस प्रायर म्हणाल्या. "इंच न् इंच शोधलंय."

४

तो इंच न् इंच शोधला होता शंतनु घोषालने. ऑफिसची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. पन्नाशीचा, नवा कोरा कुर्ता घातलेला, कपाळावर टिळा, आणि सणाच्या दिवशी घरच्यासारख्या ऑफिसात चोरी झाली म्हणून चेहरा उतरलेला. छताच्या फळ्या काढल्या, म्हणाला. कचऱ्याचे डबे, पाण्याच्या टाक्या, कॉम्प्युटरच्या पेट्या. प्रसादाच्या खिचडीच्या पातेल्यात डाव घालून पाहिला. मानसीचं टेबल तपासताना त्याला रडू आलं होतं, ते त्याने लपवलं नाही. अशी मुलगी चोरी करत नाही, दादा, म्हणाला.

ह्यांनी झडतीबद्दल पुढे काहीच विचारलं नाही. म्हणाले, तुमची पूजा तर दाखवा. मी कपाळाला हात लावला. सहा वाजत आले होते आणि ह्यांना देवदर्शन सुचत होतं. देवळात गेलो की चपला सांभाळायच्या निमित्ताने बाहेर थांबणारा माणूस हा.

मजल्याच्या टोकाला, युपीएसच्या खोलीबाहेर, हत्तीवर बसलेला विश्वकर्मा होता, हातात हातोडा आणि पतंग. समोर पाण्याचा घट, त्यावर नारळ. पायाशी लाल कापडाखाली सगळ्यांची अवजारं. शंतनुची कळी खुलली. ह्या किल्ल्या गाडीवाल्यांच्या, हा वायरमनचा पाना, हा मानसीचा हेडफोन. मिस प्रायरनासुद्धा सांगितलं, ज्याचं जे अवजार ते ठेवा, तर त्यांनी कॅल्क्युलेटर ठेवला. मेयरसाहेब म्हणाले, मी तर बेकरीवाला, आणि आपला बिस्किटांचा डबा ठेवला.

कापडाच्या कोपऱ्यावर तो डबा दिसत होता, झाकणावर एका जुन्या सभागृहाचं चित्र.

इथे शंतनुने आवाज खाली आणला. खरं म्हणजे मला बरं वाटलं नाही, म्हणाला. त्या डब्यातली बिस्किटं आपण सगळ्यांनी खाल्लेली. उष्टा डबा देवापुढे कसा ठेवायचा? पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार. बाकी त्याचा उपयोगच झाला. इथे उकडतं म्हणून मोठा पंखा लावलाय, त्याने कापड सारखं उडत होतं. डबा कोपऱ्यावर ठेवला आणि कापड जे बसलं ते बसलं.

ह्यांनी विचारलं, आता हे सगळं कधी उचलणार.

उद्या सकाळी, शंतनु म्हणाला. भटजी येऊन घट हलवतील, मग. तोवर इथल्या वस्तूला कोणी बोट लावत नाही.

"झडती घेतानासुद्धा नाही?"

शंतनु ह्यांच्याकडे बघतच राहिला. पूजेची झडती घ्यायची हे त्याच्या मनातसुद्धा आलेलं नव्हतं. ते कोणाच्याच मनात आलं नव्हतं. खरं सांगते, माझ्याही आलं नसतं.

हे मूर्तीपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग परत फिरताना माझ्या कानाशी म्हणाले, "यामिनी, बिस्किटं सगळी संपली होती ना?"

५

मेयर हॉलम आतल्या खोलीत एकटे बसले होते. आडव्या हाडाचे, पांढऱ्या भुवयांचे, कणीक मळून मळून मनगटं जाड झालेले. आम्हाला बघून उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली.

हे त्यांच्याशी गावाबद्दलच बोलत बसले. मेयर खुलले. त्यांची आई त्या सभागृहाच्या फरशा पुसायची, म्हणाले. गुडघ्यावर बसून. पुढे तिथूनच निवडून आली आणि मेयर झाली, ऑल्डरविकची पहिली बाई मेयर. साखळीवर शेवटची कडी तिच्या नावाची. त्यानंतर जागाच उरली नाही, त्यामुळे माझ्या नावाची कडी नाही, आणि ते ठीकच आहे.

मग म्हणाले, गावाने काय काय विकलं ते मी बघत आलो. मॉल घ्यायचं ठरलं तेव्हा मी विरोधात हात वर केला होता. पण मेयर म्हणून मला विक्री थांबवता येत नाही. मला फक्त साखळी घालता येते.

बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. एरवी मला त्या माणसाची कणव आली असती. पण काचेच्या खोलीत माझी पोर बसली होती आणि हे दोघे गप्पा मारत होते. माझा तोल गेला. इंग्रजी मला येतं तितकंच येतं, तेवढ्यात मी सांगून टाकलं. "तुमच्या पेटीवर सही केली म्हणून माझी भाची चोर ठरलीय. तिचं ओळखपत्र काढून घेतलंय. सहा वाजता तिला पोलीस नेणार आहेत. तुमच्या आईच्या गोष्टी नंतर सांगा."

 मेयरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला हे कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला म्हणाले, चौकशी चालू आहे, तुम्ही आराम करा."

ते खरं होतं. ऑफिसची लाज पाहुण्यांपुढे नको म्हणून जयप्रकाशने मानसीचं सगळं त्यांच्यापासून झाकून ठेवलं होतं.

"मेयरसाहेब," हे शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मेयर टेबलाला धरून उठले. "आधी त्या मुलीला बाहेर काढा," म्हणाले. "मग तुम्ही सांगा. माझ्या तोंडून नीट निघायचं नाही."

६

सगळे विश्वकर्म्यापुढे जमले. मानसी माझ्या शेजारी, मी तिचा हात घट्ट धरलेला. ह्यांनी सभेत बोलण्याआधी खाकरतात तसा घसा खाकरला, निवृत्तीनंतर फार दिवसांनी संधी मिळाली होती ना.

म्हणाले, कुलपं दोन आणि दोन्ही धड. ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली त्यांच्याकडे पेटीची नाही, आणि ज्यांच्याकडे पेटीची त्यांच्याकडे कपाटाची नाही. दोन माणसं संगनमत करतील म्हणावं, तर इथले दोघं आणि पाहुणे दोघं सकाळी पहिल्यांदा भेटले. मग सरळ उत्तर एकच उरतं. कपाटात कोणी हात घातलाच नाही, कारण पेटी कपाटात गेली तीच रिकामी. मानसीने ती भिडेखातर उघडली नाही. आणि पेटी देण्याआधी साखळीबरोबर एकटं कोण होतं, तर फक्त मेयरसाहेब.



मग साखळी गेली कुठे? सगळ्यांच्या खिशांची, बॅगांची, छताची झडती झाली. शोधणारे सगळे इथले, भाविक. त्यांनी इंच न् इंच शोधला असं ते शपथेवर सांगतील आणि ते खोटं बोलत नाहीत. देवापुढची वस्तू ही शोधायची जागा असते, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नाही. म्हणून लपवणाराही इथला नव्हे. चोरीचा माल देवाच्या पायाशी ठेवायची इथल्या माणसाची छाती होणार नाही. आणि उष्टा डबा तर तो मुळीच ठेवणार नाही.

"बिस्किटं चहाच्या वेळीच संपली, हे मानसीने सांगितलं," हे म्हणाले. "म्हणजे डबा रिकामा. पंख्याने उडणारं कापड त्या डब्याने दाबून धरलं, हे शंतनुबाबूंनी सांगितलं. पत्र्याचा रिकामा डबा एवढ्या वाऱ्यात कापड धरत नाही. दोघांनी दोन अर्ध्या गोष्टी सांगितल्या, मी फक्त जोडल्या."

सगळ्यांचे डोळे त्या डब्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मेयर पुढे आले. सकाळी शंतनुने त्यांना सांगितलं होतं, की पूजेतलं उद्यापर्यंत कोणी हलवत नाही. तेव्हाच त्यांना सुचलं. आज साखळी मिळाली नाही, तर दुबईची बोली रद्द. उद्या आपोआप सापडेल, कोणाचं नुकसान नाही. पेटी दुसऱ्याच्या हाती दिली की आळ त्याच्यावर येईल, एवढा साधा विचार आपण केला नाही, म्हणाले. मग मानसीपुढे उभे राहून त्यांनी तिची माफी मागितली, सगळ्यांदेखत, मान खाली घालून.  ती रडत होती, पण ते रडणं दुपारचं नव्हतं.

माझा राग तिथल्या तिथे उतरला. एवढा मोठा माणूस असा उभा राहिलेला बघवेना.

मिस प्रायर मात्र वितळल्या नव्हत्या. संग्राहकाचा माणूस अजून खाली बसलाय, म्हणाल्या, आणि त्यांनी डब्याकडे हात पुढे केला. शंतनु मध्ये येऊन उभा राहिला. वाद नाही, आवाज नाही, नुसता उभा. दिवसभर त्यांच्यापुढे वाकलेला जयप्रकाश हात जोडून म्हणाला, "मॅडम, ये आज नहीं होगा." मागची पोरं जागची हलली नाहीत. मेयर म्हणाले, मी तो डबा विश्वकर्म्याच्या हवाली केलाय, आज मीही उचलणार नाही.

बाईंचा हात हवेत राहिला. त्यांनी विश्वकर्म्याकडे पाहिलं, मग लाल कापडाकडे, आणि कसं कोण जाणे, त्यांना हसू आलं.

"माझा कॅल्क्युलेटरही त्याच्याच ताब्यात आहे," म्हणाल्या. "हिशेब उद्या करू."

जयप्रकाशने स्वतःच्या हाताने मानसीच्या गळ्यात ओळखपत्र घातलं. मी त्याला सुनवणार होते, पण दोरीचा पीळही तो आपणच सरळ करत बसला, मग राहू दिलं. ह्यांना अखेर चहा मिळाला, तो त्यांनी तीन कप घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टाने परत गेले. भटजींनी घट हलवला, शंख वाजला, कापड निघालं. शंतनुने डबा दोन्ही हातांनी उचलून मेयरना दिला. आत मोठ्या रुमालात गुंडाळलेली साखळी, कड्यांमध्ये बिस्किटांचा चुरा अडकलेला. त्यांनी शेवटची कडी अंगठ्याने पुसली आणि मला दाखवली. नाव मला नीट वाचता आलं नाही, डोळे भरून आले होते.

दुबईची बोली रद्द झाली होती. पुन्हा विकायची तर कौन्सिलमध्ये नव्याने ठराव हवा, मिस प्रायर म्हणाल्या, आणि झालेलं सगळं मी जसंच्या तसं कळवणार. मेयर म्हणाले, कळवा, तिथल्या सभेत मीच उभा राहून सांगेन. त्या केंद्रासाठी गावातल्या प्रत्येक दारात जाऊन बिस्किटं विकीन, पण हे आधी सांगेन. बाईंनी कॅल्क्युलेटर पर्समध्ये टाकला आणि जाता जाता जयप्रकाशला म्हणाल्या, की ह्या ऑफिसचं कंत्राट हलवण्याची शिफारस त्या करणार नाहीत. जिथली माणसं असं वागतात, तिथे म्हाताऱ्यांचे फोन गेलेले बरे. नोएडाचं नाव मग कोणी काढलं नाही.

विमानाला वेळ होता. मेयरनी साखळी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि निघेपर्यंत सांभाळायला म्हणून ती मानसीपुढे धरली. काल ज्या हातांनी घेतली त्याच हातांनी घेणार, एवढ्यात ती थांबली. माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते पोरीचे.

"साहेब," मानसी म्हणाली, "एकदा उघडून दाखवता?"

 मग मेयर खो-खो हसायला लागले, मागोमाग मिस प्रायर, मग सगळा मजला. हसता हसता त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. मानसीने साखळी नीट पाहिली, दोन्ही हत्ती पाहिले आणि मग सही केली.